टाचणीखालची चिठ्ठी

कीटकांची पाहणी हे पगारी शास्त्रज्ञांचे काम असून सामान्य माणसाला त्यात मोबाइल फोनमुळे अलीकडेच शिरकाव मिळाला, अशी एक समजूत आढळते. पश्चिम भारताचा इतिहास मात्र नेमका याच्या उलट आहे. मुंबई इलाख्यात फुलपाखरे, पतंग आणि भुंगे यांच्या पद्धतशीर नोंदी होऊ लागल्या त्या काळात 'कीटकशास्त्रज्ञ' हे पद सरकारी नोकरीत जवळजवळ नव्हतेच, आणि हातात जाळे घेऊन रानात हिंडणारी माणसे मिठागरांवर, जंगलखात्यात, कचेरीत, पलटणीत किंवा दवाखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात हा उद्योग करीत असत. ज्या संशोधनात माहिती गोळा करण्याचे, आणि काही वेळा ती तपासण्याचेही, काम त्या विषयावर पोट न चालणारी माणसे स्वेच्छेने करतात त्याला आज 'नागरिक विज्ञान' म्हणतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन आयर्विन यांनी १९९५ मध्ये या नावाचे पुस्तक लिहिले आणि २०१४ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात दाखल झाला. नवेपणा असलाच तर तो एवढाच, नावापुरता. खरा बदल झाला तो स्वयंसेवकाकडे काय मागितले जाते यात. पूर्वी त्याच्याकडे वस्तू मागितली जाई, आता नोंद मागितली जाते. आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे संग्रहातल्या किड्याखाली त्याच टाचणीत टोचलेली कागदाची चिठ्ठी.

मुंबईतील या उद्योगाला संस्थेचे रूप आले ते १५ सप्टेंबर १८८३ रोजी. भायखळ्याला राणीच्या बागेत असलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी होते आणि दोघेही डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन यांचे नाव मराठी वाचकांना बहुधा रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनच ठाऊक असते, आणि ज्या वर्षी रखमाबाईंचा गाजलेला खटला न्यायालयात उभा राहिला त्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्यांचे निधन झाल्यामुळे संस्थेच्या पुढच्या वाटचालीत त्यांचा वाटा फार राहिला नाही. उरलेल्या सहा युरोपियनांत कर्नल चार्ल्स स्विन्हो हे फुलपाखरे आणि पतंग यांचे संग्राहक होते आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे पहिले मानद चिटणीस झाले. पुढच्याच वर्षी मद्याचे व्यापारी एच. एम. फिप्सन यांनी आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील जागेत संस्थेला बिऱ्हाड करून दिले. या नामावळीत कीटकशास्त्रावर पगार घेणारा कोणी शोधू गेल्यास सापडत नाही.

संस्थेचे नियतकालिक जानेवारी १८८६ मध्ये निघू लागले आणि एटकेन व स्टर्नडेल हे त्याचे पहिले संपादक होते. या नियतकालिकामुळे मोफसलात एकटा पडलेला हौशी माणूस इतर हौशींशी जोडला गेला, आणि त्या जोडणीचा व्यवहार अगदी रोकडा होता : सभासदाने नमुना पाठवायचा, संस्थेने त्याचे नाव कळवायचे. कीटकांच्या बाबतीत नावाची ही गरज पक्ष्यांपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण खंड्या किंवा भारद्वाज ओळखायला कोणाला विचारावे लागत नाही. पण गवतावर बसलेल्या दोन तपकिरी फुलपाखरांत जातीचा फरक आहे की केवळ ऋतूचा, हे पुस्तक आणि तुलनेचा संग्रह जवळ असल्याशिवाय सांगता येत नाही. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात आणि त्याच जातीच्या उन्हाळी पिढीत ते जवळजवळ पुसलेले असतात, ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे एकाच जातीला दोन नावे दिली गेल्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकात घडले आहेत. नाव कळणे हाच त्या काळच्या स्वयंसेवकाचा मेहनताना होता, आणि आजही तोच आहे.

एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ लॅटिन शिकवल्यानंतर ते जकात आणि मीठ खात्यात शिरले, आणि त्या नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द अशी भटकंती घडवली. मिठावरील कर बुडू नये म्हणून मिठागरे आणि सरहद्दीवरच्या वाटा यांच्यावर नजर ठेवणे हे या खात्याचे काम होते. त्यात फिरती भरपूर, सोबत फारशी नाही आणि मुक्काम बहुतेक वेळा आडगावी. कीटकांच्या अभ्यासाला यापेक्षा सोयीची नोकरी योजून शोधली असती तरी मिळाली नसती. 'ईएचए' या आद्याक्षरांनी त्यांनी लिहिलेली विनोदी निसर्गलेखांची पुस्तके अँग्लो-इंडियन वाचकांत लोकप्रिय झाली, त्यामुळे त्यांची आठवण लेखक म्हणूनच अधिक राहिली आहे. परंतु त्यांचे टिकाऊ काम उत्तर कानड्यातील कारवारात झाले, आणि ते त्यांनी एकट्याने केले नाही.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला घाटमाथा आणि मधल्या अरुंद पट्टीत दाट सदाहरित रान, अशा या कोकणी, कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीन सरकारी नोकर एकत्र आले : कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, जंगलखात्याचे थॉमस रीड डेव्हिस बेल आणि मीठ खात्याचे एटकेन. इंग्रजीत जिल्हाधिकारी आणि संग्राहक या दोघांनाही कलेक्टर म्हणतात; डेव्हिडसन दोन्ही अर्थांनी कलेक्टर होते. या तिघांनी उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर लिहिलेला प्रदीर्घ निबंध १८९६ ते १८९८ या काळात संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः छापून आला, आणि मुंबई इलाख्यात हौशी माणसांनी केलेल्या कीटक-पाहणीचा तो सर्वांत भरीव नमुना मानावा लागतो.

त्याचे मोल यादीच्या लांबीत नाही. त्या काळी फुलपाखराचा अभ्यास म्हणजे मुख्यतः मेलेल्या, पंख पसरलेल्या नमुन्याचा अभ्यास असे, आणि लंडन किंवा कलकत्त्यात बसलेल्या पंडिताला तेवढ्यावर भागवावे लागे. अळी कोणत्या झाडाचे पान खाते, कोष कोठे लटकतो, अंडे पानाच्या वर घातले जाते की खाली, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. कारवारच्या त्रयीने नेमके हेच हाती घेतले. त्यांनी अळ्या वाढवल्या. हे काम ऐकायला सोपे आहे, करायला नाही. मादी एखाद्या झाडावर घुटमळताना दिसली की तिचा माग काढायचा, ती अंडे घालून उडाली की ती डहाळी तोडून आणायची, काचेच्या किंवा जाळीच्या पेटीत ठेवायची, आणि अळी बाहेर आल्यावर रोज त्याच झाडाची ताजी पाने पुरवायची. कढीपत्त्यावरची अळी रुईला तोंड लावणार नाही आणि रुईवरची अळी उपाशी मरेल पण कढीपत्ता खाणार नाही. अळी चार-पाच वेळा कात टाकते, दर वेळी तिचा रंग आणि कधी आकारही बदलतो, म्हणून प्रत्येक अवस्थेचे वर्णन वेगळे लिहून ठेवावे लागते. मध्येच एखाद्या सकाळी अळीच्या अंगातून बारीक गांधीलमाशीची पिल्ले बाहेर पडलेली दिसतात आणि तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते. पावसाळ्यात कारवारच्या दमट हवेत पेटीला बुरशी धरते, ती वेगळीच.

अशा रीतीने जमलेल्या माहितीत काही गोष्टी अनपेक्षित निघाल्या. 'ब्लू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या निळसर फुलपाखरांच्या कुळातील अनेक अळ्यांच्या पाठीवर गोडसर द्राव देणारी ग्रंथी असते, तो द्राव चाटायला मुंग्या येतात आणि मोबदल्यात अळीची राखण करतात. बेल यांनी कोणत्या अळीजवळ कोणत्या मुंग्या असतात याच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. पुढे १९०९ ते १९२७ या काळात त्यांनी मैदानी भारतातील सामान्य फुलपाखरांवर त्याच नियतकालिकात दीर्घ लेखमाला लिहिली, निवृत्तीनंतर मायदेशी न जाता ते कारवारातच राहिले आणि १९४८ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले. डेव्हिडसन आणि एटकेन निवृत्त होऊन परत गेले होते. एटकेन १९०९ मध्ये वारले. हिवतापाचा वाहक असलेल्या डासांच्या ॲनॉफेलिस या प्रजातीतील एका जातीला एटकेन यांचे नाव दिलेले आहे, हा सन्मान म्हणावा की थट्टा, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता चिठ्ठीकडे वळावे लागेल. फुलपाखरू पकडल्यावर त्याचे पंख मिटवून ते त्रिकोणी पुडीत ठेवण्याची रीत होती : आयताकृती कागद तिरका दुमडला की त्रिकोण होतो आणि दोन्ही बाजूंच्या उरलेल्या पट्ट्या दुमडून अडकवल्या की पुडी बंद होते, पंखांवरची भुकटी झडत नाही आणि शंभर पुड्या एका चपट्या डब्यात मावतात. याच पुडीवर, शक्यतो फुलपाखरू आत जाण्यापूर्वी, ठिकाण आणि तारीख लिहायची. मुक्कामी आल्यावर नमुना ओल्या वाळूच्या डब्यात मऊ करून, मधोमध खाच असलेल्या फळीवर पंख पसरून, टाचणीने पक्का करायचा आणि वाळल्यावर त्याच टाचणीत खाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान चिठ्ठी टोचायची. तिच्यावर गाव, दिनांक आणि पकडणाऱ्याचे नाव असते. जातीचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहितात, कारण जातीचे नाव बदलू शकते, चुकू शकते, शंभर वर्षांनी कोणी दुरुस्तही करू शकतो. ठिकाण आणि तारीख मात्र एकदा हरवली की पुन्हा मिळवता येत नाही. चिठ्ठी नसलेले दुर्मीळ फुलपाखरू ही शोभेची वस्तू असते आणि चिठ्ठी असलेले रोजचे, पंख फाटलेले फुलपाखरू हा पुरावा असतो. वाळवी, मुंग्या आणि संग्रहावर जगणारे बारीक भुंगेरे यांनी किती पेट्यांचे पीठ केले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अशा पेटीत शेवटी उरतात त्या टाचण्या आणि चिठ्ठ्याच.

चिठ्ठीवर पकडणाऱ्याचे नाव असते असे वर म्हटले, ते पुरते खरे नाही. उत्तर कानड्याच्या निबंधावर तीनच नावे आहेत. परंतु कलेक्टर, जंगल अधिकारी आणि मीठ अधिकारी यांनी कचेरी सांभाळून रोज ताजी पाने आणली असतील, उंच झाडावरची डहाळी स्वतः तोडली असेल आणि डझनभर पेट्या स्वतः साफ केल्या असतील, हे संभवत नाही. वसाहतकाळातील निसर्गसंग्रहाची सारी घडी पट्टेवाले, जंगलखात्याचे राखणदार, घरचे नोकर आणि पैशाला एक या दराने किडे आणून देणारी पोरे यांच्यावर उभी होती, आणि त्यांची नावे चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत नव्हती. त्यांना स्वयंसेवक म्हणता येत नाही, कारण ती स्वेच्छा नव्हती. पण कोणते झाड कोठे आहे हे त्यांनाच माहीत असणार, आणि झाड सापडल्याशिवाय अळी सापडत नाही.

नोंद कोण करते याचा ठसा नावांवर कसा पडतो, याचे उदाहरण म्हणून भारतीय फुलपाखरांची इंग्रजी नावे पाहण्यासारखी आहेत. सेलर, सार्जंट, कमांडर, कमोडोर, ॲडमिरल, लास्कर, बॅरोनेट, नवाब, राजा अशी ही नावे म्हणजे छावणीच्या मेजवानीला आलेल्या पाहुण्यांची यादीच वाटते. 'लास्कर' हा शब्द जहाजावरील हिंदी खलाशासाठी वापरत आणि तो मूळचा 'लष्कर'. म्हणजे एका फुलपाखराला नकळत मराठीच्या ओळखीचे नाव मिळाले आहे. 'कॉमन मॉर्मन' या जातीत नर एका रूपाचा आणि मादी तीन रूपांची असते : एक नरासारखी, आणि दोन अशा की त्या पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या दुसऱ्या दोन जातींच्या फुलपाखरांची नक्कल करतात. एका नराच्या तीन निरनिराळ्या बायका दिसतात म्हणून बहुपत्नीकत्वासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी पंथाचे नाव तिला चिकटले.

मराठीची अवस्था याच्या उलट होती. मावा, तुडतुडे, खोडकिडा, हुमणी, टोळ, ढेकूण, गोचीड, कुंभारीण, गांधीलमाशी : पिकाला, जनावराला किंवा माणसाला ज्यांचा उपद्रव होतो अशा किड्यांसाठी भाषेत बारकाईचे शब्द होते, आणि फुलपाखरे मात्र सगळी मिळून फुलपाखरे किंवा पाकोळ्या. यात आश्चर्य काही नाही. शेतकऱ्याला ज्याची दखल घ्यावी लागते त्यालाच तो नाव देतो. चतुर आणि टाचणी ही जोडी तेवढी निरुपद्रवी असून बारसे झालेली. पंख पसरून बसतो तो जाडसर चतुर, आणि बहुधा पंख पाठीवर मिटून बसते ती बारीक टाचणी. कीटकसंग्रहात टाचणीलाच टाचणीने टोचावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र बदलू लागले. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये शेती संशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहिली, तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकांवरील जाडजूड ग्रंथ १९०९ मध्ये निघाला, आणि १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था कलकत्त्याला सुरू झाली. कापसाची बोंडे आणि उसाची कांडी पोखरणाऱ्या किड्यांचा अभ्यास पगारी झाला. फुलपाखरे, पतंग आणि चतुर हौशींकडे राहिले. चतुरांवरील तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात लिहिणारे एफ. सी. फ्रेझर हे लष्करी डॉक्टर होते, भारतीय फुलपाखरे ओळखण्याची किल्ली १९२७ मध्ये पुस्तकरूपाने देणारे डब्ल्यू. एच. इव्हान्स हे पुढे ब्रिगेडियर झाले, आणि १९५७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या फुलपाखरांच्या पुस्तकाचे लेखक विंटर-ब्लाइथ हे राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य होते. स्वातंत्र्यानंतर पलटणी आणि साहेब गेले. हौस उरली ती शहरातल्या थोड्या घरांत.

या सर्व कामाला एक मोठे उणेपण होते, आणि ते त्या काळी कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. संग्राहक नेहमी नसलेल्या जातीच्या शोधात असतो. संग्रहात ज्याचे दोन नमुने आहेत असे फुलपाखरू समोर शेकड्याने उडाले तरी तो जाळे उचलत नाही, आणि दिवसभर हिंडून काही न मिळाल्यास त्या दिवसाची चिठ्ठी तयारच होत नाही. त्यामुळे जुन्या याद्यांवरून अमुक जात अमुक ठिकाणी होती हे खात्रीने सांगता येते. ती किती होती, हे सांगता येत नाही. शास्त्रीय परिभाषेत सांगायचे तर या 'उपस्थितीच्या नोंदी' आहेत, त्यांत 'प्रयत्नाची नोंद', म्हणजे किती वेळ, किती अंतर आणि किती जणांनी शोधले याचा हिशेब, नाही. कारवारच्या रानात आज फुलपाखरे पूर्वीइतकीच आहेत की निम्म्यावर आली आहेत, या प्रश्नाला तेथील इतक्या उत्तम निबंधाकडेही उत्तर नसते ते यामुळे.

हा प्रश्न सोडवणारी पद्धत इंग्लंडमध्ये निघाली. मंक्स वुड येथील संशोधन केंद्रात अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात फुलपाखरे मोजण्याची एक साधी रीत बसवली आणि १९७६ पासून ती देशभर स्वयंसेवकांच्या हाती दिली. जाळे नाही, बाटली नाही, टाचणी नाही. एक ठरलेली वाट घ्यायची आणि एप्रिल ते सप्टेंबर असे सव्वीस आठवडे, आठवड्यातून एकदा, त्याच वाटेने एकसारख्या चालीने जायचे; डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या काल्पनिक चौकटीत जी फुलपाखरे येतील तेवढीच मोजायची, चौकटीबाहेर कितीही सुंदर काही उडाले तरी ते सोडून द्यायचे. वेळ सकाळी पावणेअकरा ते दुपारी पावणेचार. तापमान तेरा अंशांच्या खाली असल्यास फेरी नाही, तेरा ते सतरा असल्यास निदान साठ टक्के वाट उन्हात हवी, सतराच्या वर पाऊस नसला की झाले. काही न दिसल्यास शून्य लिहायचे. या शून्याने सारा फरक पडला, कारण त्यामुळे पहिल्यांदाच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येऊ लागली. संग्राहकाच्या अंगी लागणारा उतावळेपणा येथे दोष ठरतो, आणि टपालवाल्याच्या अंगी असणारा नेम गुण ठरतो.

असाच नेम जर्मनीतील क्रेफेल्ड शहराच्या कीटकमंडळाने दाखवला. हे मंडळ १९०५ पासूनचे, त्याचे सभासद बहुतांशी हौशी. त्यांनी राखीव निसर्गक्षेत्रांत मालेज सापळे लावले. स्वीडिश कीटकतज्ज्ञ रने मालेज यांच्या नावाने ओळखला जाणारा हा सापळा म्हणजे जाळीचा एक तंबू असतो, आडव्या पडद्याला धडकलेला किडा सवयीने वर चढत जातो आणि कोपऱ्यातल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. सापळ्याचा आकार, कापड, बसवण्याची तऱ्हा यांत त्यांनी वर्षानुवर्षे फरक केला नाही आणि बाटलीतल्या किड्यांचे वजन करून ठेवले. त्रेसष्ट ठिकाणच्या या वजनांवर आधारलेला शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला : १९८९ ते २०१६ या सत्तावीस वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटले होते. इतकी वर्षे एकच सापळा एकाच रीतीने लावण्याचे हे काम विद्यापीठाने किंवा सरकारने नव्हे, हौशी मंडळाने केले होते.

भारतात जाळे खाली ठेवले गेले ते निराळ्या कारणाने. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला, त्याच्या परिशिष्टांत पुढे अनेक फुलपाखरांचा समावेश झाला, आणि क्रिमझन रोझ किंवा डॅनाइड एगफ्लाय यांसारखी परसातही दिसणारी फुलपाखरे वाघाच्या पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात, जाऊन बसली. सरकारी परवान्याशिवाय अशा जाती पकडणे गुन्हा झाले, त्यामुळे हौशी माणसाला दुर्बीण आणि कॅमेरा यांवर भागवणे भाग पडले. त्याला लागणारी पुस्तकेही येऊ लागली : कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक २००० मध्ये आणि आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरील सचित्र पुस्तक २००८ मध्ये निघाले. कुंटे यांनी त्याआधी, १९९७ मध्ये, उत्तर सह्याद्रीतील चार प्रकारच्या अधिवासांत फुलपाखरांची संख्या ऋतूंनुसार कशी बदलते यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, आणि मोजणीची पद्धत या मुलखात रुजण्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व याद्यांपेक्षा जास्त आहे. ब्लू मॉर्मन हे काळ्या मखमली पंखांवर फिक्या निळ्या रंगाचे मोठे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. असा मान फुलपाखराला देणारे हे देशातील पहिले राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने फुलपाखरांना मराठी नावे देण्यात आली तेव्हा तेच 'नीलवंत' झाले. ज्या भाषेत हुमणीला नाव होते पण या फुलपाखराला नव्हते, तिच्यात ही भर पडायला सव्वाशेहून अधिक वर्षांची हौस लागली.

दरम्यान चिठ्ठी कागदावरून फोनवर गेली. अमेरिकेत २००८ मध्ये सुरू झालेले आयनॅचरलिस्ट, त्याच वर्षीचे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि फुलपाखरे, पतंग, चतुर यांना वाहिलेली भारतीय संकेतस्थळे यांवर छायाचित्र टाकले की ठिकाण आणि तारीख आपोआप जोडली जाते, आणि ओळख इतर जाणकार पटवतात. फोर्ब्स स्ट्रीटवरील नमुना देऊन नाव घेण्याचा व्यवहार येथे जसाच्या तसा चालू आहे, फक्त टपालहशील लागत नाही. अडचणीही जुन्याच आहेत. 'स्किपर' कुळातील काही तपकिरी फुलपाखरे पोटाच्या टोकाकडील जननेंद्रियांची चिरफाड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत, आणि छायाचित्राची चिरफाड होत नाही.

सामूहिक मोजणीचे दिवसही ठरू लागले, आणि त्यांत कधी कधी परक्या पंचांगाची पंचाईत दिसते. पतंगांचा राष्ट्रीय सप्ताह २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि इतर देशांतही पसरला. तो जुलैच्या अखेरीस येतो, रात्री पांढरा कपडा ताणून त्याच्यावर दिवा सोडायचा आणि बसायला आलेले पतंग मोजायचे अशी त्याची रीत आहे, आणि कोकणात त्या आठवड्यात कपडा दिवा लागण्याआधीच चिंब होतो. भारतात २०२० पासून अनेक संस्थांनी मिळून फुलपाखरांच्या मोजणीसाठी सप्टेंबर महिना निवडला, तो मात्र इथल्या पावसाचा अंदाज घेऊन. पोलार्ड यांची तेरा अंशांची अटही सह्याद्रीत थंडीच्या पहाटेखेरीज कोणाला अडवणार नाही. इथे खरी अट उघडिपीची आणि दुपारच्या उन्हाची. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत कीटकांनाही जागा आहे, पण त्या पानावर पीक खाणारे किडे आधी येतात आणि फुलपाखरे नंतर, हे मराठीच्या शब्दसंपत्तीला धरूनच आहे.

फोनवरून होणाऱ्या नोंदी शहरांच्या भोवती, रस्त्यांच्या कडेला आणि रविवारी दाट होतात. कारवारच्या त्रयीच्याही नोंदी त्यांच्या बदल्या आणि दौरे जेथे झाले तेथेच दाट होत्या. नव्या चिठ्ठीवर वेळ सेकंदापर्यंत असते, जागा काही मीटरपर्यंत असते, पकडणाऱ्याऐवजी पाहणाऱ्याचे नाव असते, आणि ते पट्टेवाल्याचे असले तरी तसेच उमटते. माणूस किती वेळ चालला आणि चालताना काय दिसले नाही, यासाठी मात्र तिच्यावर बहुतेक वेळा रकानाच नसतो.